विमानाचे कार्ड : येणे कोणाकडे, देणे कोणाला?

व्यापारी घरात नवी वस्तू येण्याआधी तिचा भाव विचारला जातो आणि नवा व्यवहार होण्याआधी समोरच्याची पत पाहिली जाते. विमान कंपनीच्या नावाचे क्रेडिट कार्ड मात्र हे दोन्ही प्रश्न चुकवून घरात शिरते. विमानतळावरील एखाद्या टेबलापाशी, बँकेतून आलेल्या फोनवर किंवा तिकीट काढताना पडद्यावर झळकणाऱ्या सवलतीच्या रूपाने ते समोर येते. ‘पहिल्या वर्षी एक तिकीट मोफत’ असे सांगितले जाते, आणि गिऱ्हाइकाला दहा रुपयांची सूट देतानाही जेथे हिशेब होतो, त्याच घरात वार्षिक शुल्काच्या कागदावर विनाहिशेब सही होऊन जाते.

हे कार्ड वाईटच असते, असे म्हणण्याचे कारण नाही. व्यापारी कुटुंबांचा विमानप्रवास आता नित्याचा झाला आहे. खरेदीसाठी सूरत, दिल्ली, कोलकाता, दुबईत किंवा अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलांच्या भेटी, सम्मेदशिखरजींच्या यात्रेसाठी रांची किंवा देवघरपर्यंतचा प्रवास, लग्नकार्ये वेगळीच. इतका प्रवास करणाऱ्या घराला योग्य कार्डाचा लाभ होऊ शकतो. प्रश्न इतकाच की तो लाभ कोणाला होतो, किती होतो आणि कोणत्या अटींवर होतो. त्यासाठी कार्डाचे व्यवहार चोपडीत जसे मांडले जातील तसे मांडून पाहणे इष्ट.

अशा कार्डावर दोन नावे असतात, एक बँकेचे आणि एक विमान कंपनीचे. बँक खर्चासाठी उधार देते. विमान कंपनी त्या खर्चाच्या प्रमाणात पॉइंट देते आणि हे पॉइंट बँकेने तिच्याकडून विकत घेतलेले असतात. बँकेजवळ त्यासाठी पैसा कोठून येतो, हे गल्ल्यावर बसणाऱ्याला निराळे सांगावे लागत नाही. गिऱ्हाइकाने दुकानात कार्ड स्वाइप केले की शंभर रुपयांच्या विक्रीतून साधारणपणे दीड-दोन रुपये व्यापाऱ्याच्या खात्यात येण्यापूर्वीच कापले जातात. त्या कपातीतला काही अंश, वार्षिक शुल्क आणि थकबाकीवरचे व्याज या तीन झऱ्यांतून पॉइंटांचे पाणी वाहते. दुकानातून कापला गेलेला पैसाच थोडासा घटून घराच्या प्रवासखात्यात परत येतो. त्याला ‘मोफत’ म्हणणे हिशेबाला धरून नाही.

ही पद्धत अमेरिकेत रुजली. अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ रोजी नेहमीच्या प्रवाशांसाठी ‘अ‍ॅडव्हांटेज’ ही योजना सुरू केली. प्रवास जितका अधिक, तितके मैल खात्यात जमा, आणि मैल साठले की एक तिकीट, असा साधा करार होता. १९८७ साली त्याच कंपनीचे नाव सिटीबँकेच्या क्रेडिट कार्डावर आले आणि विमानात न बसताही मैल मिळू लागले. तेव्हापासून मैल हा बँकांना विकण्याचा माल झाला. या मालाची किंमत किती, हे २०२० साली जगाला दिसले. विमाने जमिनीवर उभी असताना युनायटेड एअरलाइन्सने आपली मैलयोजना तारण ठेवून ६८० कोटी डॉलर उभे केले, तर डेल्टाने आपल्या योजनेच्या तारणावर ९०० कोटी डॉलर घेतले. उडणारी विमाने थांबली होती, परंतु बँकांना पॉइंट विकण्याचा धंदा थांबलेला नव्हता. जी वस्तू विकणाऱ्यासाठी इतकी मोलाची, ती घेणाऱ्याने डोळे मिटून घेऊ नये, एवढा बोध त्यातून घेता येतो.

आता चोपडीची दोन पाने उघडावीत. डाव्या पानावर कार्डधारकाचे देणे आहे, ते बँकेला. त्याची रक्कम रुपयांत ठरलेली, तारीख ठरलेली आणि चुकल्यास व्याजही ठरलेले. अनेक कार्डांवर ते दरमहा पावणेचार टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला सुमारे ४५ टक्के असते. उजव्या पानावर कार्डधारकाचे येणे आहे, ते विमान कंपनीकडे. ते रुपयांत नाही, पॉइंटांत आहे. एका पॉइंटाला किती मोल द्यायचे, हे देणेकरी स्वतः ठरवतो आणि पुढे बदलूही शकतो. त्यावर व्याज नाही, तारण नाही, आणि बहुतेक योजनांत मुदत संपली की येणेच संपते. देणे कडक आणि येणे ढिले असा हा करार आहे. पेढीवर कोणी अशा अटींवर माल उधार मागितला असता, तर मुनिमाने त्याला चहा पाजून परत पाठवले असते.

येणे ढिले असते म्हणजे काय होते, याचे दाखले भारतात फार जुने नाहीत. किंगफिशर एअरलाइन्सची उड्डाणे ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली आणि तिच्या योजनेतील पॉइंटांचा प्रवासासाठी उपयोग उरला नाही. जेट एअरवेजचे शेवटचे विमान १७ एप्रिल २०१९ रोजी उडाले. एकाहून अधिक बँका तिच्या नावाची कार्डे देत होत्या. तिची पॉइंटयोजना निराळ्या कंपनीकडे असल्यामुळे ती बुडाली नाही. त्याच वर्षी ‘इंटरमाइल्स’ असे नवे नाव घेऊन ती चालू राहिली. परंतु ज्या विमानांसाठी लोकांनी वर्षानुवर्षे पॉइंट साठवले होते, ती विमानेच उरली नव्हती. विस्ताराचा शेवट तुलनेने सभ्य झाला. १२ नोव्हेंबर २०२४ रोजी ती कंपनी एअर इंडियात विलीन झाली आणि सदस्यांचे पॉइंट एअर इंडियाच्या ‘महाराजा क्लब’मध्ये वर्ग झाले. तरीही विस्ताराच्या मोफत तिकिटांकडे पाहून ज्यांनी कार्डे घेतली होती, त्यांचे ते आकर्षण कार्डाबरोबरच संपले.

बारा वर्षांत तीन नावे गेली. प्रत्येक वेळी कार्डधारकाचे बँकेचे देणे मात्र रुपयाअडका जसेच्या तसे राहिले. हे नियमाला धरूनच आहे. रिझर्व्ह बँकेच्या आदेशांनुसार असे कार्ड देणारी संस्था ही विमान कंपनी नसते. विमान कंपनीची भूमिका कार्डाचा प्रचार-प्रसार आणि आपल्या सेवा पुरवणे एवढ्यापुरती मर्यादित असते आणि तिने ते कार्ड स्वतःचे म्हणून विकता कामा नये. म्हणून कार्ड निवडताना पहिली पारख विमान कंपनीच्या पतीची करावी. कंपनी किती वर्षे टिकून आहे, तिच्या मागे कोण उभे आहे, तिच्या उड्डाणांत कपात होत आहे की वाढ, हे प्रश्न उधारीवर माल देताना जितके रास्त, तितकेच येथेही रास्त आहेत.

दुसरी पारख नकाशाची. इचलकरंजी किंवा सांगलीच्या कुटुंबाला कोल्हापूर, बेळगाव आणि पुणे ही विमानतळे जवळची. तेथून ज्या कंपनीचे विमान हव्या त्या गावी जात नाही, तिचे पॉइंट कितीही उदारपणे मिळाले तरी ते खर्च करण्यासाठी आधी मुंबईपर्यंतचे मोटारभाडे मोजावे लागते. गेल्या दोन वर्षांत घरातील माणसे कोठून कोठे, किती वेळा आणि कोणत्या कंपनीच्या विमानाने गेली, याची यादी एका कागदावर करावी. निम्म्याहून अधिक प्रवास एकाच कंपनीने झाला असेल, तरच तिच्या नावाच्या कार्डाचा विचार पुढे न्यावा. प्रवास जर ‘ज्याचे तिकीट स्वस्त, त्याचे विमान’ या न्यायाने होत असेल, आणि व्यापारी घरात तो बहुधा तसाच होतो, तर एका कंपनीशी बांधून घेणारे कार्ड त्या शहाणपणाच्या आड येते. पॉइंट मिळावेत म्हणून हजार रुपये महाग तिकीट काढणे ही बचत नव्हे.

तिसरी पारख अंकांची. समजा, एका कार्डाचे वार्षिक शुल्क ५,००० रुपये आहे. त्यावर १८ टक्के जीएसटी धरता ५,९०० रुपये झाले. दर शंभर रुपयांच्या खर्चावर दोन पॉइंट मिळतात. घराचा पॉइंटांस पात्र असा खर्च महिन्याला ४०,००० रुपये, म्हणजे वर्षाला ४,८०,००० रुपये आहे. वर्षाअखेर ९,६०० पॉइंट जमतील. आता एका पॉइंटाचे मोल काढावे. समजा, एका तिकिटाची किंमत ६,००० रुपये आहे. तेच तिकीट पॉइंटांवर घेतले तर ९,००० पॉइंट आणि वर कर व विमानतळशुल्काचे १,००० रुपये रोख द्यावे लागतात. म्हणजे ९,००० पॉइंटांनी ५,००० रुपये वाचवले. एका पॉइंटाचे मोल साडेपंचावन्न पैसे झाले. त्या भावाने ९,६०० पॉइंटांचे सुमारे ५,३३० रुपये होतात. शुल्क ५,९०० रुपये. वर्षाचा व्यवहार सुमारे ५७० रुपयांच्या तोट्यात गेला.

पहिल्या वर्षी स्वागताचे म्हणून आणखी ५,००० पॉइंट मिळाले, तर त्याच भावाने सुमारे २,७८० रुपयांची भर पडते आणि २,२०० रुपयांच्या आसपास नफा दिसतो. येथेच अनेकांचा हिशेब थांबतो. तो दुसऱ्या वर्षापर्यंत न्यावा, आणि शेजारी एक साधे कार्डही मांडावे. शुल्क नसलेले आणि खर्चाच्या एक टक्का रक्कम रोख परत देणारे कार्ड तेवढ्याच खर्चावर दरवर्षी ४,८०० रुपये देते. ते रुपये कोणत्याही कंपनीच्या तिकिटाला, औषधाला किंवा किराण्याला चालतात. विमानाच्या कार्डाची खरी तुलना रिकाम्या हाताशी करायची नसते. त्या हातात दुसरे काय आले असते, त्याच्याशी ती करावी लागते.

याच हिशेबाची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे पाहिली पाहिजे. अचानक निघावे लागले आणि तेच ६,००० रुपयांचे तिकीट १५,००० रुपयांना पडत असेल, आणि तरीही ते ९,००० पॉइंट व १,००० रुपयांत मिळत असेल, तर एका पॉइंटाचे मोल दीड रुपयाच्या पुढे जाते. पॉइंटांचा खरा लाभ अशा वेळी असतो. मात्र त्याला दोन अडचणी आहेत. काही कंपन्यांत पॉइंटांचा भाव त्या दिवसाच्या तिकिटाबरोबर वर-खाली होतो. तेथे तिकीट महागले की पॉइंटही अधिक लागतात. जेथे भाव ठरलेला असतो, तेथे पॉइंटांवर देण्याच्या जागा मोजक्या असतात आणि गर्दीच्या दिवसांत त्या आधीच संपतात. दिवाळीची सुट्टी आणि लग्नसराई यांतच कुटुंबे प्रवास करतात आणि यात्रेला निघताना एकदम बारा-पंधरा जण निघतात. एवढ्या जागा पॉइंटांवर एकत्र मिळणे दुर्मीळ. एक-दोन माणसांचा, तारखा पुढेमागे करता येण्याजोगा प्रवास असेल, तरच पॉइंट उत्तम कामास येतात. मुलाकडे परदेशी जाणाऱ्या निवृत्त आईवडिलांना ते जितके उपयोगी, तितके यात्रेच्या संघाला नाहीत.

चौथी पारख घराच्या सवयीची. वर पाहिलेल्या भावाने एक लाख रुपयांच्या खर्चावर सुमारे १,१०० रुपयांचे पॉइंट मिळतात. ते एक लाख रुपये एक महिना थकले, तर पावणेचार टक्क्यांनी ३,७५० रुपये व्याज आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, असे मिळून ४,४२५ रुपये जातात. एका महिन्याची ढिलाई चार महिन्यांची कमाई खाते. शिवाय बिल पुरते न भरता ‘किमान देय रक्कम’ भरली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते आणि खरेदीच्या दिवसापासून व्याज चालू होते. ज्या घरात दरमहा पूर्ण बिल वेळेवर भरले जाते, त्या घरानेच पॉइंटांची भाषा बोलावी. सगळ्यांचे पॉइंट ज्या पैशांतून येतात, त्यात थकबाकीदारांच्या व्याजाचा वाटा मोठा असतो, हेही येथे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

परदेशातील खर्चाचेही असेच आहे. बऱ्याच कार्डांवर परकीय चलनातील व्यवहाराला साडेतीन टक्के अधिभार आणि त्यावर जीएसटी, असे मिळून ४.१३ टक्के लागतात. एक लाखाच्या खरेदीवर ४,१३० रुपये. ‘परदेशात दुप्पट पॉइंट’ हे वाक्य ऐकताना हा आकडा शेजारी लिहावा. काही कार्डांवर हा अधिभार कमी असतो. परदेशी वारंवार जाणाऱ्याने शोध घ्यायचा तो त्याचा. तेथील दुकानातील यंत्राने ‘रुपयांत बिल करू का?’ असे विचारले, तर स्थानिक चलनच निवडावे. रुपयांतील दर बहुधा महागात पडतो.

आता व्यापारी घरांचा खास विषय. मालाची खरेदीच कार्डावर केली तर किती पॉइंट साठतील, हा विचार प्रत्येक तरुण भागीदाराच्या मनात येतो. परंतु वैयक्तिक कार्डे घरखर्चासाठी दिलेली असतात. धंद्याचा खर्च त्यांवर टाकल्यास पॉइंट रद्द करण्याचा किंवा कार्ड बंद करण्याचा अधिकार बँका करारात राखून ठेवतात. इंधन, भाडे, विमा, कर, वॉलेटमधील भरणा अशा अनेक बाबींवर पॉइंट मिळत नाहीत किंवा फार कमी मिळतात. कार्ड घेण्यापूर्वी वाचायची यादी हीच. धंद्यासाठी कार्ड हवे असेल, तर ते पेढीच्या नावाने, जीएसटी क्रमांकासह घ्यावे आणि त्याचा हिशेब पेढीच्या वहीत ठेवावा.

मित्रांचा, नातलगांचा खर्च आपल्या कार्डावर घेऊन पॉइंट मिळवण्याची पद्धतही फैलावली आहे. त्यात वसुलीचा धोका कार्डधारकाचा असतो आणि त्याशिवाय आणखी एक गोष्ट घडते. आर्थिक वर्षात एका व्यक्तीच्या कार्डांची बिले रोखीने एक लाख किंवा अन्य मार्गांनी दहा लाख रुपयांपर्यंत वा त्याहून अधिक भरली गेली, की त्याची माहिती आयकर खात्याकडे जाते. विवरणपत्रातील उत्पन्न आणि कार्डावरचा खर्च यांचा मेळ बसला नाही, तर खुलासा करण्याची पाळी ज्याच्या नावावर कार्ड आहे त्याच्यावर येते. मामेभावाचा मोबाइल होता, हे उत्तर कागदपत्रांशिवाय पुरत नाही.

याहून नाजूक प्रश्न एकत्र कुटुंबाचा आहे. तीन भावांची पेढी, खर्च सामाईक, आणि कार्ड मात्र एकाच्या नावावर. पॉइंट कायद्याने त्या एकाच्याच खात्यात जमा होतात. धाकटा भाऊ सपत्नीक सिंगापूरला जाऊन येतो आणि थोरल्या वहिनींच्या मनात एक अढी बसते, जी कोणी बोलून दाखवत नाही. वाटण्यांच्या वेळी दागिना तोलता येतो, जागा मोजता येते. पॉइंट मात्र तीन वहीखात्यांत सहज वाटता येत नाहीत. अनेक योजनांत ते दुसऱ्याच्या नावे करता येत नाहीत, आणि सदस्याच्या निधनानंतर वारसांना मिळतीलच असेही नसते. सामाईक खर्चाचे पॉइंट सामाईक मानायचे की नाही, कोणाच्या प्रवासाला कोणत्या क्रमाने वापरायचे, हे कार्ड येण्याआधीच घरात बसून ठरवावे. पाच हजारांच्या तिकिटापायी पन्नास वर्षांच्या एकोप्यात खडा पडू नये.

विक्रेता जे रंगवून सांगतो, त्या विमानतळावरील विश्रामकक्षाबद्दलही दोन शब्द. हा प्रवेश आता बऱ्याच कार्डांवर आधीच्या तिमाहीतील ठराविक खर्चाच्या अटीवर मिळतो. तेथील पंगतीत बटाटा, कांदा, लसूण टाळणाऱ्या आणि सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या माणसाच्या वाट्याला बहुधा फळे आणि चहाच येतो. त्यासाठी हजारो रुपयांचे शुल्क मोजण्यात अर्थ नाही. विमानातील जैन भोजन हा त्याहून महत्त्वाचा मुद्दा. अनेक कंपन्यांत ते ‘व्हीजेएमएल’ या संकेताने आधी नोंदवावे लागते. पॉइंटांवर घेतलेल्या तिकिटालाही ही नोंद करता येते का, आणि किती तास आधी, हे त्या कंपनीला विचारून घ्यावे. ज्या घरात आजी-आजोबा प्रवास करतात, तेथे या एका सोयीचे मोल पॉइंटांच्या दराहून अधिक असते.

इतके तोलून झाल्यावर उत्तर बहुधा आपोआप मिळते. एकाच कंपनीने वारंवार प्रवास, पूर्ण बिल वेळेवर, खर्च शुल्काला पुरून उरणारा आणि तारखा लवचीक, या चार गोष्टी जेथे एकत्र येतात, तेथे विमानाचे कार्ड खुशाल घ्यावे. यांतील एखादी जरी नसली, तरी रोख परतावा देणारे साधे कार्ड बरे. घेतलेले कार्ड नकोसे झाले, तर बंद करण्याचा हक्क ग्राहकाचा आहे. सर्व देणी भरून अर्ज केल्यावर बँकेने सात कामकाजी दिवसांत ते बंद करायचे असते. उशीर केल्यास कार्ड बंद होईपर्यंत दररोज ५०० रुपये तिने ग्राहकाला द्यावेत, अशी तरतूद रिझर्व्ह बँकेच्या त्याच आदेशांत आहे. मागितल्याशिवाय कार्ड देण्यासही मनाई आहे. बंद करण्यापूर्वी मात्र पॉइंट वापरून घ्यावेत किंवा विमान कंपनीच्या खात्यात वर्ग झाल्याची खात्री करावी.

पॉइंट हे जपून ठेवायचे धन नव्हे. देणेकऱ्याच्या मर्जीवर मोल ठरणारे येणे जितके लवकर वसूल होईल, तितके बरे. परिग्रहाला मर्यादा घालून घेणाऱ्या समाजाला न दिसणाऱ्या संग्रहाचा मोह वेगळा सांगायला नको. दिवाळीत वहीपूजनापूर्वी घराची सारी येणी-देणी मांडली जातात. त्या यादीत यंदा एक ओळ वाढवावी : कोणत्या कंपनीकडे किती पॉइंट, कोणाच्या नावावर, मुदत केव्हा. आणि नव्या वहीत ती ओळ पुन्हा लिहावी लागू नये, अशा बेताने घरातील कोणाचा तरी लांबलेला प्रवास त्यातून घडवून आणावा.